बोगनवेलीचा बहार धरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पुण्यातल्या गच्चीवर बोगनवेलीच्या अकरा कुंड्या आहेत आणि खाली कुंपणाला एक जुनी राणी रंगाची वेल आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती भरली की रस्त्यावरून जाणारे थांबतात आणि विचारतात, "तुमची एवढी फुलते, आमची का नाही?" गेल्या कित्येक वर्षांत पुन:पुन्हा कानावर आलेले असे प्रश्न आणि माझ्या परीने त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न सगळ्यात आधी.

रोज पाणी घालते, महिन्याला खत देते, वेल हिरवीगार आहे. मग फुलं का येत नाहीत?

रोज पाणी आणि महिन्याला खत मिळतं, म्हणूनच येत नाहीत. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली, मुख्यतः ब्राझील, पेरू आणि अर्जेंटिना या भागातली. पाणी कधी मिळेल, कधी मिळणार नाही, अशा जागी तग धरायची तिला सवय आहे. खायला-प्यायला भरपूर मिळालं की ती फांद्या आणि पानं वाढवत सुटते. पाणी आटलं, दिवस लहान झाले, ऊन स्वच्छ पडलं की मग फुलायला घेते.

माझे मामा सांगोल्याकडे डाळिंब करतात. डाळिंबाचा बहार धरायचा तर ते बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, पानगळ होऊ देतात, हलकी छाटणी करतात आणि मग पाणी सोडतात. विदर्भातले संत्रा बागायतदारही आंबिया किंवा मृग बहारासाठी असाच ताण देतात. लहानपणी सुट्टीत मळ्यात गेलं की ती सुकलेली बाग बघून मला वाईट वाटायचं. पुढे घरी बोगनवेल आली, दोन वर्षं फुलली नाही, तेव्हा मामांनी कुंडीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हिला ताणच नाही. बहार कशी धरेल?" त्या दिवसापासून मी बोगनवेलीकडे कुंडीतलं फूलझाड म्हणून बघत नाही, बहार धरायची बाग म्हणून बघते. या पानावरची निम्मी उत्तरं त्या एका वाक्यातून आली आहेत.

ताण द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? झाड मरणार तर नाही ना?

पावसाळा संपला, ऑक्टोबरची उन्हं तापली की सुरुवात करा. पाणी थांबवा. रोज संध्याकाळी पानांकडे बघा. पहिले दोन-तीन दिवस काहीच होणार नाही. मग कोवळे शेंडे माना टाकायला लागतील. सगळ्या वेलीची पानं मलूल होऊन खाली लोंबली, पण अजून कुरकुरीत झाली नाहीत, की कुंडीखालच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी द्या. सकाळपर्यंत वेल पुन्हा ताठ होते. पुन्हा पाणी थांबवा. असं तीन-चार आठवडे करायचं. पानाच्या बगलेत बारीक टाचणीच्या डोक्याएवढे रंगीत ठिपके दिसले की ताण संपला. तिथून पुढे पाणी नियमित करा, कारण रंग भरताना कुंडी कोरडीठाक पडली तर आलेली फुलं भराभर गळतात.

जमिनीत लावलेल्या जुन्या वेलीला हे सगळं करावं लागत नाही. पाऊस थांबला की तिचा ताण आपोआप सुरू होतो.

नुकतं आणलेलं रोप, नुकती बदललेली कुंडी आणि कीड लागलेली वेल, या तिघांना मात्र ताण देऊ नका. अशक्त झाड ताणातून सावरत नाही.

ऊन किती लागतं? आमची बाल्कनी उत्तरेला आहे.

थेट ऊन किमान पाच-सहा तास. याहून कमी उन्हात वेल जगते, पण फुलत नाही. उत्तरेच्या बाल्कनीत बोगनवेल लावू नका, हे मी अगदी जीव तोडून सांगते. नर्सरीतून फुललेली कुंडी घरी येते, आठवड्याभरात फुलं गळतात, मग लांबच लांब, फिकट, काटेरी फांद्या ग्रिलबाहेर उन्हाच्या शोधात निघतात आणि दोष मालकिणीच्या हाताला लागतो. दोष जागेचा असतो. दक्षिण किंवा पश्चिमेची बाल्कनी, गच्ची, गेटाजवळची भिंत, या तिच्या जागा.

छाटणी कधी आणि किती करायची?

फूल नेहमी नव्या फुटव्यावर येतं. जुन्या लांब काडीवर फक्त टोकाला झुपका दिसतो आणि खालचा भाग उघडा राहतो. म्हणून छाटणीला घाबरायचं नाही.

मी वर्षातून दोनदा हात चालवते. मोठी छाटणी बहार ओसरल्यावर, पावसाच्या तोंडावर. त्या वेळी वाळलेल्या, आत घुसलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढते आणि उरलेल्या एक तृतीयांश ते निम्म्या करते. पावसात वेल तरारून फुटते. दुसरी छाटणी हलकी, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. पावसाळ्यात वाढलेले लांबलचक शेंडे वीतभर कमी करते, एवढंच. प्रत्येक खुडलेल्या शेंड्यामागून दोन-तीन फुटवे येतात आणि फुलं त्या फुटव्यांवर लागतात. यानंतर लगेच ताण.

नोव्हेंबर-डिसेंबरात "जरा आकार देऊ" म्हणून कात्री चालवू नका. त्या वेळी कापलेला प्रत्येक शेंडा म्हणजे कापलेला झुपका. हंगामात फक्त फुलं झडून गेलेले तुरे काढा, त्यांच्या मागून पुन्हा फूट येते.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवा आणि हातात जाड मोजे हवेत. डोळ्यांना चष्मा लावा. ताणून धरलेली फांदी सुटली तर ती थेट चेहऱ्यावर येते.

माझ्या वेलीला फुलांऐवजी काटेच जास्त आहेत. ही जात वेगळी आहे का?

जातीत फरक असतो, पण इथे एक फार सुंदर गोष्ट आहे. बोगनवेलीचा काटा आणि फुलांचा झुपका हे एकाच डोळ्यातून, म्हणजे फांदीवर कोंब फुटतो त्या जागेतून, येतात. दोन्ही म्हणजे पानाच्या बगलेतून निघालेली आखूड फांदीच. वेल वाढीच्या भरात असली की त्या डोळ्याचा काटा होतो, फुलायच्या तयारीत असली की झुपका होतो. एखादी जोमदार फांदी हातात घेऊन बुडापासून शेंड्यापर्यंत बघत जा. खाली ओळीने टणक, किंचित वाकलेले काटे दिसतील. वर जाता जाता काटा बारीक होतो, काही ठिकाणी मऊ होतो, आणि शेंड्याकडे नेमक्या त्याच जागी देठ निघून त्याला कळ्या लागलेल्या असतात. काट्याच्या टोकाला एखादी खुरटी कळी चिकटलेलीही मी पाहिली आहे.

म्हणजे तुमची वेल काटेच काढत असेल तर ती अजून वाढीतच आहे. पाणी आणि नत्र कमी करा, ऊन वाढवा.

कागदासारखं दिसतं ते फूल नाही म्हणतात. मग फूल कुठे असतं?

एक झुपका तोडून तळहातावर ठेवा. तीन रंगीत पातळ "पाकळ्या" दिसतील. त्या पाकळ्या नव्हेत, ती छदं, म्हणजे रंग बदललेली पानंच. उजेडासमोर धरलं तर पानासारख्या शिरा स्पष्ट दिसतात. प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला चिकटून एक बारीक नळी उभी असते आणि तिच्या तोंडाशी पांढरट चांदणी उमलते. ते फूल. तीन छदं, तीन फुलं, आणि तिन्ही एकाच वेळी उमलत नाहीत. नळी नखाने उभी चिरली तर आत पुंकेसर दिसतात.

छदांचा रंग बीटालेन या रंगद्रव्यांचा असतो. बीट आणि लाल माठात असतात तीच ही रंगद्रव्यं. गुलाब-जास्वंदीचा लाल वेगळ्या द्रव्यांचा असतो. आणि बोगनवेलीची आपल्याकडची नातलगं कोण, ठाऊक आहे? परसातली गुलबक्षी आणि पावसाळ्यात जमिनीवर पसरणारी घेटुळी, म्हणजे पुनर्नवा. तिघी एकाच कुळातल्या. रानभाजी म्हणून घेटुळी खुडताना तिचं इवलंसं गुलाबी फूल नीट बघा, कुळाचा रंग ओळखू येतो.

बोगनवेल हे नाव मराठी आहे का?

ऐकायला अगदी मराठी वाटतं, कारण शेवटी "वेल" आहे. पण नाव आलंय एका फ्रेंच दर्यावर्द्यावरून. लुई आंत्वान द बूगँव्हिल १७६६ ते १७६९ या काळात जगप्रदक्षिणेला निघाला होता. त्याच्या मोहिमेत फिलिबेर कॉमर्सों हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १७६७ मध्ये जहाजं रिओ दी जानेरोला थांबली असताना ही वेल युरोपीय अभ्यासकांच्या हाती लागली आणि मोहिमेच्या प्रमुखाचं नाव तिला मिळालं. शास्त्रीय नाव छापून प्रसिद्ध झालं ते १७८९ मध्ये.

कॉमर्सोंबरोबर त्याची मदतनीस जान बारे होती. फ्रेंच जहाजांवर बायकांना मनाई असल्याने ती पुरुषाच्या वेषात चढली होती. आजारी कॉमर्सोंच्या वतीने डोंगर चढून वनस्पती गोळा करण्याचं कष्टाचं काम बरंचसं तिने केलं. पुढे जगप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणून तिची नोंद झाली. वेलीला कॅप्टनचं नाव मिळालं, पण मार्चमध्ये कुंपण राणी रंगाने भरून गेलं की मला आठवते ती जान बारे.

"बूगँव्हिलिया" आपल्या जिभेवर येता येता बोगनवेल झालं. खरं तर ही वेल नाहीच. तिला काकडीसारखे तणावे नसतात. काट्यांचा आधार घेत दुसऱ्यावर रेलणारं ते झुडूप आहे. म्हणूनच तिला मांडवावर चढवायचं तर बांधावं लागतं.

कोणती जात घ्यावी?

नर्सरीत बहुतेक वेळा रंगावरूनच मागणी होते: राणी, लाल, केशरी, पिवळी, पांढरी, अबोली. थोडी ओळख असली तर निवड सोपी जाते.

ग्लॅब्रा ही एक मूळ प्रजाती. या गटाची पानं गुळगुळीत, चकचकीत, काटे लहान, आणि ती वर्षात अनेकदा फुलते. कुंडीसाठी मला हा गट सगळ्यात आवडतो. स्पेक्टॅबिलिसची पानं लवदार, काटे मोठे, वाढ अफाट. कुंपणाची वेल म्हणावी तर ही. पेरुव्हियाना ही तिसरी प्रजाती. ग्लॅब्रा आणि पेरुव्हियानाच्या संकरातून बटियाना गट आला. त्यातली गडद लाल "मिसेस बट" १९१० मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना इथे सापडली आणि आजच्या कितीतरी लाल-केशरी जाती तिच्याच पोटच्या.

आपल्या देशातही या झाडावर मोठं काम झालंय. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल गव्हाचे संशोधक, पण गुलाब आणि बोगनवेल यांवर त्यांचा विशेष जीव होता. त्यांनी दोन्हींच्या नव्या जाती काढल्या. बोगनवेलीच्या जातींची आंतरराष्ट्रीय नोंदणी दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे, याचा मला अभिमान वाटतो. कोलकात्याची "मेरी पामर" तर बघत राहावी अशी आहे. एकाच झाडावर पांढरे झुपके, राणी झुपके, आणि एखाद्या झुपक्यात दोन्ही रंग. तिचीच चट्ट्यापट्ट्यांच्या पानांची बहीण "थिम्मा". फुलं नसतानाही तिची पिवळी-हिरवी पानं कुंडी सजवतात. फक्त पांढरा हवा असेल तर "शुभ्रा".

"महारा"सारख्या दुहेरी जातींचे झुपके गच्च भरलेले आणि लांबून सुरेख दिसतात. पण त्यांची वाळलेली छदं गळून पडत नाहीत, तपकिरी होऊन फांदीवरच राहतात. ती हाताने काढायची तयारी असेल तरच घ्या.

फुललेलं रोप बघूनच विकत घ्या. मी एकदा "पिवळी" म्हणून बिनफुलाचं रोप आणलं, दीड वर्ष सांभाळलं आणि ती राणी निघाली.

कुंडी केवढी आणि माती कोणती?

दहा-बारा इंची मातीची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीचा मोह नको. मुळांना थोडी दाटी झाली की ही वेल जास्त फुलते, आणि मोठ्या कुंडीतली माती लवकर सुकत नसल्याने ताण बसत नाही. मातीचं मिश्रण निचऱ्याचं हवं: दोन भाग लाल किंवा पोयटा माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. भोकावर खापर ठेवायला विसरू नका. कोकोपीट फार घालू नका, ते पाणी धरून ठेवतं.

कोकण आणि गोव्यातली जांभ्याची तांबडी माती तिला फार मानवते. थोडी आम्ल आणि निचऱ्याची. देशावरच्या काळ्या मातीत खड्डा दोन फुटांचा घ्या आणि वाळू-मुरूम मिसळून भरा, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजतात.

कुंडी बदलली आणि झाड सुकून गेलं. काय चुकलं?

मातीचा गोळा फुटला असणार. बोगनवेलीची मुळं बारीक आणि ठिसूळ असतात, मोगरा-जास्वंदीसारखी दणकट नसतात. माझ्या पहिल्या थिम्माची मी जुनी माती झटकून, मुळं मोकळी करून, फार काळजीने कुंडी बदलली होती. चार दिवसांत पानं वाळली, तीही फांदीला चिकटून. त्या काळजीनेच ती गेली.

आता मी असं करते: आदल्या दिवशी हलकं पाणी, मग कुंडी आडवी करून कडेने थोपटते आणि अख्खा गोळा तसाच नव्या कुंडीत बसवते. प्लॅस्टिकची पिशवी असेल तर ब्लेडने उभी चिरते, रोप ओढत नाही. नंतर आठवडाभर सावली. हे काम पावसाळ्याच्या सुरुवातीला करा.

फांदी लावून रोप करता येईल का?

येतं, आणि जून-जुलै हा त्याचा काळ. पेन्सिलीएवढी जाड, पिकलेली, तपकिरी झालेली काडी निवडा. हिरवी कोवळी कुजते. सहा ते आठ इंचांचा तुकडा घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ. दोन्ही सारखे कापले तर उलटी लावली जाते, हे नवशिक्यांकडून हमखास होतं. पानं काढून टाका, खालच्या टोकाला मुळं फुटण्याची पावडर लावा, वाळू आणि कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात निम्मी खोचा आणि सावलीत ठेवा.

पंधरा दिवसांत कोंब आले की लोक आनंदाने उपटून बघतात. तसं करू नका! कोंब काडीतल्या साठ्यावर फुटतात, मुळं नंतर येतात. दीड-दोन महिने हात लावू नका. दुहेरी आणि चट्ट्यांच्या पानांच्या काही जातींच्या काड्या मुळं धरायला कुरकुर करतात. त्यांना गुटी कलम बांधावं, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणावीत, किंवा साध्या राणी रंगाच्या खुंटावर डोळा भरावा, म्हणजे हव्या त्या जातीचा डोळा खुंटाच्या सालीत बसवावा. एकाच खुंटावर तीन-चार रंगांचे डोळे भरलेली झाडं नर्सरीत मिळतात ती अशीच.

खत कोणतं द्यावं?

नत्र कमी, पालाश जास्त. युरिया अजिबात नको. मोठ्या छाटणीनंतर दोन मुठी शेणखत आणि थोडा हाडांचा चुरा. कळ्या धरताना पाण्यात विरघळणारं जास्त पालाशचं खत पंधरा दिवसांतून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात. पावसाळ्यात काही देऊ नका.

पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात.

हा लोहाचा अभाव. बोअरचं जड पाणी आणि चुनखडीची माती असेल तिथे हे हटकून दिसतं, कारण मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी करा, आणि शक्य असेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून घाला. नवी पानं हिरवी येतात, जुनी पिवळी तशीच राहतात.

खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील आणि माती ओली असेल, तर पाणी जास्त होतंय.

कीड कोणती पडते?

फारशी पडत नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि फांद्यांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की पिठ्या शोधाच. सुरुवातीला पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. नाहीतर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

कुंड्या विटांवर ठेवा, भोकं मोकळी आहेत ना ते काडीने बघा, खालच्या ताटल्या काढून टाका. कोकणात सलग झड लागते तिथे कुंडी पागोळ्यांच्या आत घ्या. फुलं नसतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

कुंपणाला, कमानीला, गच्चीच्या कठड्याला कशी लावावी?

कुंपणासाठी चार-पाच फुटांवर एक रोप. पहिली दोन वर्षं शेंडे खुडत राहा, म्हणजे बुडापासून भरगच्च होते. उंच जाऊ दिली तर वर फुलांचा डोंगर आणि खाली उघड्या काठ्या, अशी अवस्था होते. कुत्री-गुरं आत येत नाहीत आणि पाण्याचा खर्च नाही. महामार्गांच्या दुभाजकांत ती लावतात तेही याचमुळे: धूर, ऊन, दुर्लक्ष सगळं सोसते आणि समोरच्या गाडीचा दिव्यांचा झोत अडवते.

कमानीसाठी फांद्या कोवळ्या असतानाच हळूहळू वाकवून सुतळीने बांधा, तारेने नको, तार सालीत रुतते. आडव्या बांधलेल्या फांदीला प्रत्येक डोळ्यातून फूट येते, म्हणून जाळीवर पंख्यासारखी पसरलेली वेल सरळ चढवलेल्या वेलीहून कितीतरी जास्त फुलते. झाडासारखी छत्री करायची असेल तर एकच खोड बांबूला बांधून चार फूट वर न्या, बाजूचे फुटवे काढत राहा आणि मग शेंडा मारा.

एक विनंती. फूटपाथकडे झुकलेल्या फांद्या वेळच्या वेळी कापा, चालणाऱ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर काटे येतात. कापलेल्या काटक्या रस्त्यावर टाकू नका. आणि गच्चीवर असेल तर पावसाआधी पन्हळीचं तोंड बघा, गळलेली छदं तिथे चिकटून पाणी तुंबवतात.

झाड विषारी आहे का? काटा लागला तर?

गंभीर विषारी नाही. काट्याने खरचटलं की काहींच्या कातडीवर पुरळ येतं. जखम साबणाने धुवा. काट्याचं टोक आत मोडलं असेल आणि बोट सुजून ठणकू लागलं तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

काटेरी झाड दारात अशुभ असतं का? फुलं देवाला चालतात का?

अशुभ काही नाही. लिंबू आणि गुलाबही काटेरीच. दारात तुळस आणि कुंपणाला बोगनवेल अशी घरं मी लहानपणापासून पाहत आले आहे. देवाला वाहण्याचा प्रघात मात्र नाही.

फुलं घरात सजावटीला वापरता येतात?

फांदी तोडून फुलदाणीत ठेवली तर लवकर मलूल होते. त्यापेक्षा छदं तोडून घंगाळात पाण्यावर सोडा. ती बुडत नाहीत, संध्याकाळपर्यंत ताजी दिसतात, आणि मधे एक पणती ठेवली तर दिवाळीत दुसरं काही लागत नाही. फुलांच्या रांगोळीतही रंग छान भरतात. वहीत दाबून ठेवलेली छदं वाळल्यावरही बराच काळ रंग धरून राहतात, मुलांना शुभेच्छापत्रं करायला द्या.

रंगपंचमीला ती ऐन भरात असते. राणी रंगाची छदं कोमट पाण्यात कुस्करली तर फिकट गुलाबी पाणी होतं. उकळू नका, हा रंग उष्णतेने उडतो.

आम्ही परदेशात राहतो. इथे जगेल का?

दुबई-मस्कतकडे उत्तम. तिथे रस्तोरस्ती तीच दिसेल. इंग्लंड, न्यू जर्सीसारख्या ठिकाणी कुंडीतच लावा आणि गोठणबिंदूच्या जवळ पारा जाण्याआधी आत घ्या. हिवाळ्यात गार पण उजेडाच्या खोलीत, अगदी कमी पाण्यावर ठेवा. पानं गळतील, घाबरू नका. नखाने साल खरवडून आत हिरवं दिसलं की ती जिवंत आहे. वसंतात छाटा आणि थंडी पूर्ण गेल्यावर बाहेर काढा.

बोन्सायला चालते का?

फारच छान. जुन्या कुंपणावरची मनगटाएवढी जाड फांदीही पावसाळ्यात मुळं धरते, म्हणजे जाड खोडासाठी वीस वर्षं थांबावं लागत नाही. लाकूड मात्र मऊ असतं, मोठे काप कुजून पोकळ होतात, म्हणून जखमेवर मलम लावा. पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात कुंडीतल्या बोगनवेली बघून या, कल्पना येईल.

छाटायला गेलो तर आत बुलबुलाचं घरटं सापडलं. आता?

छाटणी थांबवा. काट्यांच्या जाळीत मांजर आणि कावळा पोचत नाहीत, म्हणून बुलबुल आणि शिंपी बोगनवेलीत हौसेने घरटं करतात, आणि त्यांचा विणीचा काळ नेमका आपल्या मोठ्या छाटणीच्या आसपास येतो. आमच्याकडे एका जूनमध्ये वाटीएवढ्या घरट्यात तीन अंडी होती, गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची. मी सिकेटर खाली ठेवला. अंड्यातून पिल्लं बाहेर यायला साधारण दोन आठवडे आणि उडून जायला पुढे जवळपास तेवढेच दिवस लागतात. त्या वर्षी मोठी छाटणी जुलैत केली, घरट्याची फांदी तेवढी ठेवली, आणि नोव्हेंबरात फुलं नेहमीसारखीच आली.